हॉर्न वाजेपर्यंत

"बाबा बोट चालवणार?" मुलीने मला विचारलं. बाबा तिच्या समोरच बसले होते, चमच्याने पोहे खात. प्रश्न त्यांच्याबद्दलचा होता, विचारला मात्र मला. आमच्या घरात बरेच दिवस असंच चाललं होतं, पण त्या रविवारी माझं टाळकं सटकलं.

"बाबा इथेच बसलेत. त्यांना विचार."

तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि उत्तर यायच्या आत परत माझ्याकडे वळली. "आई, सीरियसली. यू क्रेझी आह?"

बाबा म्हणजे माझा नवरा. त्याला पार्किन्सन्स आहे. उजवा हात थरथरतो, ते सगळ्यांना दिसतं. दिसत नाही ते असं, की डोक्यात तयार झालेला शब्द ओठांवर यायला वेळ लागतो, आणि आला तरी आवाज बारीक येतो. चेहऱ्यावरची रेषा हलत नाही, म्हणून समोरच्याला वाटतं याला काही कळलेलंच नाही. त्याला सगळं कळतं. कधी कधी माझ्या आधी कळतं.

आणि हा माणूस कोण होता म्हणाल, तर इथे सिंगापूरला, जुरोंग आयलंडवरच्या एका रिफायनरीत, कंट्रोल रूममध्ये, त्याची सारी नोकरी गेली. पहाटे क्लेमेंटीला कंपनीची बस यायची, गळ्यात पास अडकवून हा जायचा. बाहेर प्लांटमध्ये उभा असलेला माणूस कुठल्याही व्हॉल्व्हला हात लावण्याआधी रेडिओवर याला विचारायचा. हा आत बसून आकडे बघायचा, खात्री करायचा आणि मग सांगायचा. बाहेरचा माणूस तेच शब्द जसेच्या तसे परत म्हणून दाखवायचा. हा "हो" म्हणायचा, आणि मग कुठे व्हॉल्व्हचं चाक फिरायचं. याचं हो येईपर्यंत चाकाला बोट लावायची कोणाची छाती नव्हती. मी तोआ पायोहच्या एका ऑफिसात हिशेबनीस होते. माझ्या हो-नाहीला तिथे फारसं कोणी विचारत नव्हतं, त्यामुळे मला त्याचा थोडा हेवाच वाटायचा.

आता त्याच माणसासमोर ब्लॉकखालच्या हॉकर सेंटरमधला कॉफीवाला मला विचारतो, "अंकल वॉन्ट व्हॉट?" डॉक्टर मला विचारतात, झोप लागते का यांना? मंडळाच्या गणपतीत एक बाई त्याच्या देखत मला म्हणाल्या, "ओळखतात ना अजून सगळ्यांना?" त्या बाईंना तो चांगलाच ओळखत होता. घरी आल्यावर त्यांच्याबद्दल जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर त्या रविवारी मुलगी आणि जावई ठरवून आले होते. आमचा क्लेमेंटीचा फ्लॅट विकायचा आणि आम्ही दोघांनी त्यांच्या कॉन्डोत राहायला जायचं. त्यांच्याकडे लिफ्ट दारात, बाथरूममध्ये धरायला दांडे, चोवीस तास सिक्युरिटी. मुलगी बोलत होती आणि मी नवऱ्याकडे बघत होते. त्याने चमचा खाली ठेवला. ओठ उघडले. याचा अर्थ मला माहीत आहे, की आतून शब्द निघालाय, वाटेत आहे. पण मुलीने तेवढ्यात त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाबा ओके लाह. सो वी प्रोसीड." त्याने ओठ मिटले आणि चमचा परत उचलला.

तिचं प्रेम खोटं नव्हतं, हे मला माहीत आहे. वडील पडतील या भीतीने तिला झोप येत नाही. पण तिच्या प्रेमाला भारी घाई.

मी कढईतले उरलेले पोहे जावयाच्या ताटलीत वाढले आणि सांगून टाकलं, "आम्ही श्रावणात इंग्लंडला जातोय. कालव्यातून बोट घेऊन हिंडणार आहोत. बोट बाबा चालवतील. घराचं आल्यावर बघू." त्यावरचा तिचा तो प्रश्न.

बोटीचं खूळ त्याचं. आमच्या ब्लॉकमागे काँक्रीटने बांधलेला एक कालवा आहे, रोज संध्याकाळी आम्ही त्याच्या काठाने चालतो. पाण्यात पाणमांजरं दिसतात, एखादी घोरपड ऐटीत पोहत जाते. बोटींना परवानगी नाही. नवरा दाभोळच्या खाडीकाठी वाढलेला माणूस, त्याला एवढं पाणी आणि त्यावर एकही बोट नाही हे बघवत नाही. फोनवर तो तासन्‌तास इंग्लंडच्या जुन्या कालव्यांचे व्हिडिओ बघतो. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी मजुरांनी फावड्याने खणलेले कालवे, कोळसा वाहायला. तेव्हा बोटी घोडे ओढायचे. आता कोळसा गेला, घोडे गेले, आणि हौशी माणसं लांबोडक्या बोटी भाड्याने घेऊन हिंडतात. एकदा चालता चालता तो थांबला आणि म्हणाला, "मला हे करायचंय. हात चालतोय तोवर." एवढं वाक्य बोलायला त्याला बराच वेळ लागला. एवढं कष्टाने बोललेलं वाक्य मी वाऱ्यावर सोडणार नव्हते.

"बाबा एमआरटीच्या दारात फ्रीज होतात," मुलगी म्हणाली. "देन हाऊ?"

हे खरं होतं. या आजारात दार आलं की पाय जमिनीला चिकटतात. मोकळ्या रस्त्यावर चालणारा माणूस उंबऱ्याशी येऊन खिळतो. क्लेमेंटीच्या प्लॅटफॉर्मवर मेट्रोची दारं उघडतात, माणसं आत घुसतात, हा एक पाय उचलायच्या तयारीत उभा, आणि दारं मिटतात. आणि कालव्यावर तर दारंच दारं. चढावर बोट कशी चढवायची? तर मध्ये दगडी हौद बांधायचा, दोन्ही टोकांना लाकडी फाटकं. बोट आत घ्यायची, मागचं फाटक लावायचं, सुटं लोखंडी हँडल घालून झडप उघडायची, हौदात पाणी सोडायचं. पाणी चढतं, त्याबरोबर बोट चढते, पाणी पलीकडच्या पातळीला आलं की पुढचं फाटक उघडायचं. उतरताना याच्या उलट. याला लॉक म्हणतात. सगळं हाताने करायचं, कोणी नोकर-चाकर नसतो. आणि फाटक बोटीपेक्षा जेमतेम चार बोटं रुंद.

"या वयात कशाला विषाची परीक्षा?" असं मंडळातल्या मैत्रिणी म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, लाइफ जॅकेट घाला आणि गोळ्यांची वेळ चुकवू नका. मला डॉक्टरांचं पटलं.

इंग्लंडात बोटी भाड्याने देणाऱ्या धक्क्याची मालकीण माझ्याच वयाची, लालबुंद गालांची बाई होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात नवऱ्याने माझ्या दंडाला हात लावला. मग त्याचा शब्द येईपर्यंत आम्ही दोघी उभ्या राहिलो. "मला पार्किन्सन्स आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "हात थरथरतो. आवाज लहान आहे. बोट मीच चालवणार." बाईने इंजिन सुरू केलं, माझा हात धरला आणि बोटीच्या शेपटाकडे असलेल्या सुकाणूच्या दांड्यावर ठेवला. इंजिनच्या धक्क्यांनी दांडा थरथरत होता, त्याबरोबर माझा हात कोपरापर्यंत थरथरायला लागला. "इथे सगळ्यांचेच थरथरतात," ती म्हणाली. मग त्याचा हात ठेवला. दांडा धरल्यावर त्याचा हात कुठला थरथरतोय आणि इंजिन कुठलं, हे मला सांगता येईना. मला त्या बाईच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण ती हातात तेलकट फडकं घेऊन होती.

पद्धत नवऱ्याने ठरवली. तो शेपटाकडे सुकाणूवर, मी काठावर फाटकांपाशी. मध्ये बोटीची सगळी लांबी आणि इंजिनचा आवाज, त्यात त्याचं बोलणं मला ऐकू येणं शक्य नव्हतं. बोटीला हॉर्न होता. एक लांब हॉर्न म्हणजे झडप उघड. तुटक तुटक हॉर्न म्हणजे बंद कर. ऐकलं की मी दोन्ही हात वर करून दाखवायचे. आणि हॉर्न वाजला नाही, तर काय वाटेल ते होवो, हँडलला हात लावायचा नाही. "जुरोंग आयलंड," तो म्हणाला, आणि मला समजलं.

आता आमच्या गाढवपणाची गोष्ट. आम्ही मुद्दाम नारळी पौर्णिमेचा आठवडा धरला होता. दाभोळला त्या दिवशी नारळ दिल्याशिवाय कोणी होडी पाण्यात घालत नाही, आणि हा तर इतक्या वर्षांनी स्वतः होडी घालणार होता. सिंगापूरच्या टेक्का मार्केटातून नारळ घेऊन मी बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणला होता. पहिल्याच लॉकशी, मालकीण शिकवायला काठावर उभी असताना, मी नारळाला हळदकुंकू लावलं आणि भरलेल्या हौदात तो सोडून दिला. हात जोडले. ती बाई शहाणी, तिनेही मान लववली. मग हॉर्न वाजला, मी हात वर केले, खालची झडप उघडली, हौद रिकामा झाला, आणि बोट आत घ्यायला मी फाटक पाठीने रेटू लागले. फाटक उघडत आलं आणि अडलं. पुन्हा रेटलं, तरी तेच. चार बोटांच्या जागेतली तीन बोटं गेली.

मालकिणीने वाकून फाटकामागे बघितलं. "तिथे काहीतरी गोल आहे," ती म्हणाली. "फुटबॉल असावा."

माझा चेहरा खर्रकन उतरला. तिने लांब काठीच्या आकड्याने तो बाहेर काढला, कुंकू अजून लागलेलंच होतं. फाटकामागून तिने आजवर ओंडके काढले होते, एकदा एक सायकल काढली होती, नारळ हा पहिलाच. खाली बोटीवर नवरा हसत होता. चेहरा हलत नाही म्हणतात ना त्याचा? डोळे हसत होते, खांदे हसत होते, लाइफ जॅकेट हसत होतं.

"परत पाण्यात टाक," तो म्हणाला. "दिलेला नारळ घेऊ नये."

"समुद्राला दिलेला घेऊ नये. हा कालवा आहे, आणि त्याने तो स्वतःहून परत केलाय." मी नारळ काखेत मारला. त्या संध्याकाळी बोटीच्या इवल्या स्वयंपाकघरात मी नारळीभात केला, आणि एक डबा मालकिणीला दिला. तिने वेलदोडे बाजूला काढून ठेवले, भात मात्र संपवला.

पण त्याआधी तो पहिला लॉक. मी काठावरून बघत होते. काळंभोर ओलं दगडी दार, त्यात अंधार, आणि उंबरा दिसला की खिळणारा माझा नवरा त्याकडे बोट घेऊन येत होता. इंजिन इतकं हळू, की बदकं बोटीच्या पुढे निघून गेली. एकदाही भिंतीला लागला नाही असं लिहायला मला आवडलं असतं. लागला. थड्ड आवाज आला. सगळ्यांच्याच बोटी लागतात, कडेला दोनशे वर्षांच्या खुणा आहेत. पण थांबला नाही. बोट दारातून आत गेली, अख्खी, आणि तो तिच्याबरोबर आत गेला. पायांनी त्याला दगा दिला असता, पण इथे पायांना कोणी विचारतच नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

त्यानंतरचे दिवस मी कुणाला वर्णन करून सांगत नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही घडलं नाही. आम्ही चालण्यापेक्षा हळू गेलो. विटांच्या कमानीखालून गेलो, गाई पाणी पिताना बघितल्या. लॉकवर पोचलो की लोक आधीच थांबलेले असायचे, आणि थांबण्याबद्दल कोणी कुरकुर करत नव्हतं. पाणी सारखं व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतो. दोन्हीकडची पातळी एक झाल्याशिवाय फाटक पहिलवानालाही उघडत नाही, आणि एकदा झाली की मी एकटी, साठी उलटलेली बाई, ते पाठीने ढकलत होते. त्याच्या गोळीचा परिणाम उतरायची वेळ झाली की आम्ही काठाला बोट बांधून चहा प्यायचो. मुलीचा रोज मेसेज यायचा, "बाबा ओके?" मी उत्तर द्यायचे, "बाबांना विचार." मग त्याचं एक-एक अक्षर टाइप करणं व्हायचं. एकदा त्याने तिला लिहिलं, "कॅप्टन ओके."

सांगण्यासारखा दिवस एकच, परतीच्या वाटेवरचा. उताराकडे लागोपाठ लॉक होते. उतरताना एक गोष्ट सांभाळायची असते, ती मालकिणीने आम्हाला दोनदा बजावली होती. वरच्या फाटकापाशी पाण्याखाली एक दगडी उंबरा असतो. हौद भरलेला असताना तो दिसत नाही. पाणी उतरायला लागलं की वर येतो. बोटीचं शेपूट तेव्हा त्यावर असलं तर शेपूट उंबऱ्यावर अडकतं, तोंड पाण्याबरोबर खाली जातं, आणि बोट बुडते. म्हणून भिंतीवर पांढरा पट्टा रंगवलेला असतो. शेपूट पट्ट्याच्या पुढे आल्याशिवाय झडप उघडायची नाही.

नवरा बोट आत घेऊन आला, वरचं फाटक लागलं. पुढच्या फाटकाला बोटीचं तोंड टेकलं आणि ती थोडी मागे सरकली. मी एका बाजूच्या झडपेशी हँडल घालून उभी. हॉर्नची वाट बघत होते. तो सुकाणूवर उभा होता, हलत नव्हता.

काठावर एक उंच गृहस्थ होते, बरोबर कुत्रा. या कालव्यावर आयुष्य गेलं, असं त्यांनी मला येता येताच सांगितलं होतं. भला माणूस, हातात स्वतःचं हँडल घेऊन लोकांना मदत करत फिरणारा. आमच्या मागे अजून एक बोट येऊन थांबली होती. गृहस्थांनी नवऱ्याकडे पाहिलं, त्या न हलणाऱ्या चेहऱ्याकडे, आणि आवाज खाली आणून मला विचारलं, "तुमचे मिस्टर बरे आहेत ना?"

"त्यांना विचारा," मी म्हटलं. पण ते विचारायला थांबले नाहीत. दयाळूपणे हसले, पलीकडच्या झडपेशी गेले, आणि गरागरा हँडल फिरवलं.

पाणी धो-धो निघालं. त्याच क्षणी हॉर्न वाजायला लागला. तुटक. तुटक. तुटक. बंद कर.

माझ्या बाजूची झडप बंदच होती. उघडी होती ती पलीकडची. मी ओरडले, "स्टॉप! क्लोज इट!" गृहस्थ हात हलवून म्हणाले, घाबरलेत ते, काही नाही. मी फाटकावरच्या फळीवरून पलीकडे धावले. माझ्या गुडघ्यांची तक्रार असते, त्या दिवशी त्यांनीही तोंड बंद ठेवलं. मी त्या माणसाला कोपराने बाजूला सारलं. हो, सारलं, ढकललं म्हणा हवं तर. खालून खर्रर्र असा दगडावर लोखंड घासल्याचा आवाज आला आणि बोटीचं तोंड झुकलं. आतल्या कपबशा फुटल्याचं मला काठावर ऐकू आलं. मी हँडल उलटं फिरवत होते आणि शेपटाकडे बघत होते.

नवऱ्याने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. डाव्या हाताने त्याने इंजिनचा दांडा पुढे ढकलला. उजवा सुकाणूवर. बोट उंबऱ्यावरून घासत, कण्हत पुढे सरकली, शेपूट सुटलं, धप्पकन पाण्यात बसलं आणि दोनदा डोललं. मग सगळं शांत झालं. झडप बंद. पांढरा पट्टा शेपटाच्या मागे होता.

तेव्हा मला उलगडलं. तो खिळला नव्हता. बोट मागे सरकलेली त्याने बघितली होती, शेपूट पट्ट्याच्या मागे आहे हे त्याला दिसत होतं, आणि इंजिनच्या दांड्याकडे हात न्यायला त्याला जेवढा वेळ लागतो तेवढा लागत होता. त्याने हॉर्न वाजवला नव्हता, कारण वाजवायची वेळ झाली नव्हती. काठावरच्या सगळ्या धडधाकट माणसांत पाण्याखालचा उंबरा फक्त त्याला दिसला होता.

गृहस्थ पांढरेफटक पडले होते. "आय ॲम सो सॉरी," ते मला म्हणाले.

"मला नका सांगू. बोट त्यांची आहे."

ते काठाने चालत शेपटाशी गेले, टोपी काढली आणि नवऱ्याला सॉरी म्हणाले. मागच्या बोटीवरची माणसं काठावर आली होती. सगळे उभे. नवऱ्याचे ओठ उघडले. मी त्या गृहस्थांकडे असं पाहिलं, की त्यांची पुन्हा मध्ये बोलायची हिंमत झाली नसती. कुत्राही खाली बसला. खूप वेळ गेला. मग नवरा त्याच्या कंट्रोल रूमच्या इंग्रजीत, बारीक आवाजात, एक-एक शब्द सुटा करून म्हणाला, "मी हॉर्न वाजवेन. मग उघडा. त्याआधी नाही."

"तुम्ही हॉर्न वाजवाल, मग आम्ही उघडू," गृहस्थ म्हणाले. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. भीतीने माणूस आपोआप शिकतो.

नवऱ्याने मान हलवली. बोट पट्ट्याच्या पुढे आहे याची खात्री केली, वळून पुन्हा एकदा केली. आणि मग एक लांब हॉर्न दिला. मी हात वर केले. पलीकडे त्या गृहस्थांनीही केले.

त्या रात्री आम्ही फुटलेल्या कपबशा गोळा केल्या. त्याचे दोन्ही हात थरथरत होते, माझेही. "भीती वाटली?" मी विचारलं. तो म्हणाला, "नाही. राग आला." मग बऱ्याच वेळाने, "बरं वाटलं."

सिंगापूरला परत आलो. दुसऱ्या दिवशी हॉकर सेंटरमध्ये कॉफीवाल्याने मला विचारलं, "अंकल वॉन्ट व्हॉट?" मी म्हटलं, "आस्क अंकल लाह," आणि काउंटरसमोरून हलले नाही. मागची रांग वाढली. कोणीतरी जीभ टाळ्याला लावून च्च केलं. मी मागे वळून गोड हसले आणि तिथेच उभी राहिले. शेवटी त्याच्या तोंडून "कोपी ओ कोसोंग" आलं. म्हणजे बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी. इतकी वर्षं मी त्याला दूध-साखरेची कॉफी पाजत होते.

रविवारी मुलगी आणि जावई आले. फोटो बघितले, नारळाच्या गोष्टीवर मुलगी पोट धरून हसली. उंबऱ्याची गोष्ट मी सांगितली तेव्हा रडली. "दॅट्स वाय आई, दॅट्स वाय," ती म्हणाली, "एजंट पुढच्या आठवड्यात येतोय." मग तिला काहीतरी सुचलं असावं. ती बाबांच्या समोर जाऊन खुर्चीवर बसली. "बाबा, फ्लॅटचं करू ना प्रोसीड?"

तिने त्यांना विचारलं होतं. त्याने चमचा खाली ठेवला. ओठ उघडले. खाली रुळांवरून एमआरटी गेली. जावयाने फोन काढला आणि माझी नजर पाहून परत खिशात ठेवला. दुसरी गाडी गेली, उलट दिशेची. मुलीने श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि मी दोन्ही हात वर केले. ती माझ्याकडे बघत राहिली, पण तोंड मिटलं.

मला काय हवं होतं ते सांगते. तो "नाही" म्हणावा असं मला हवं होतं. मी मनात त्याला ढकलत होते, म्हण, नाही म्हण. माझाही हात हँडलवर होता, खोटं कशाला बोलू.

"थांबा," तो म्हणाला.

"मीन्स नो?" मुलीने विचारलं.

आम्ही थांबलो. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, कोणी उठलं नाही.

"नो नाही," तो म्हणाला. "मी बघतोय. मी सांगेन. मग करा. त्याआधी नाही."

मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं. ती चिडली होती, आणि ती चिडली की अगदी माझ्यासारखी दिसते. लहानपणी तो शिफ्टवरून यायचा तेव्हा ती दोन डबे दोरीने बांधून त्याच्याशी रेडिओ-रेडिओ खेळायची. ते तिला आठवलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. तिने नाक पुसलं, पाठ सरळ केली आणि एक-एक शब्द सुटा करून म्हणाली,

"बाबा बघतायत. बाबा सांगतील. देन ओन्ली वी प्रोसीड."

त्याने तिच्याकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला.

एजंटचं येणं रद्द झालं. तो रोज संध्याकाळी कालव्याच्या काठाने चालतो, घरी येतो, बाथरूमचा उंबरा बघतो, लिफ्टपर्यंतचं अंतर बघतो. त्याने अजून काही सांगितलेलं नाही. आम्ही थांबलोय.